लाकडासाठी पाण्यावर आधारित वॉर्निश : निवड आणि वापर

वळसंग आणि दक्षिण सोलापूरच्या परिसरात घराचे बांधकाम सहसा सुगीनंतर पुरे होते. ज्वारी, हरभरा, करडई घरात आली, चार पैसे हाती आले, की सागाचे दार आणि बाभळीची खाट करावयास टाकली जाते. सुताराचे काम मनासारखे होते; पण शेवटचा हात कशाचा द्यावा हे मात्र दुकानदार सांगेल त्यावर सोडले जाते. हजारो रुपयांचे लाकूड त्यामुळे दोन उन्हाळ्यांत फिकट आणि सालपटलेले दिसू लागते. म्हणून डबा विकत घेण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी पुढील बाबी समजून घ्याव्यात.

आपल्याकडे आजवर दोन प्रकार रूढ आहेत. एक म्हणजे चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश. ते दिसावयास सुंदर, दुरुस्तीस सोपे. पण पाण्याचा पेला ठेवला की पांढरा डाग पडतो आणि स्पिरिटने विरघळते. दुसरे, तेलाचे वॉर्निश. ते टिकाऊ असते, परंतु वास उग्र, वाळावयास वेळ लागतो आणि कालांतराने पिवळसर पडते. अलीकडे बाजारात 'वॉटर बेस्ड पीयू' या नावाने मिळणारे वॉर्निश हे तिसऱ्या प्रकारचे. यात पॉलियुरेथेन किंवा ॲक्रिलिक राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. वास कमी, आगीचा धोका नाही, ब्रश पाण्याने धुता येतो. महाग आहे, पण घरातील वापरासाठी टिकाऊपणा चांगला आहे. फक्त ॲक्रिलिक असलेला डबा स्वस्त असला तरी तो झिजीला कमी पडतो; खाट, टेबल, कपाट अशा वापराच्या वस्तूंसाठी पॉलियुरेथेन असलेलाच घ्यावा. ज्यात दुसऱ्या बाटलीतील हार्डनर मिसळावा लागतो तो सर्वांत कणखर असतो. परंतु मिसळल्यानंतर काही तासांतच संपवावा लागतो, म्हणून मोजकाच कालवावा.

आता मुख्य प्रश्न. हे वॉर्निश कोठे लावू नये? घराबाहेर, थेट उन्हात. पारदर्शक लेपातून सूर्यप्रकाश आरपार जातो आणि लेपाखालच्या लाकडाचा वरचा थर कुजवतो. लेप धडधाकट असला तरी त्याची पकड सुटते आणि पापुद्रे निघू लागतात. सोलापूरचा उन्हाळा ४२ अंशांपलीकडे जातो, तेथे पश्चिमाभिमुख दाराची काय अवस्था होते हे गावात कोठेही पाहावयास मिळेल. बाहेरील दारास पारदर्शकच हवे असेल, तर डब्यावर 'बाहेरील वापरासाठी' आणि अतिनील किरणरोधक असा स्पष्ट उल्लेख पाहावा आणि दर एक-दोन वर्षांनी हलके घासून पुन्हा हात देण्याची तयारी ठेवावी. तेवढा वेळ मिळणार नसेल तर सरळ तेलाचा अपारदर्शक रंग लावलेला बरा. लाकडाचे सौंदर्य झाकले जाते खरे, पण लाकूड वाचते.

कुदळ, फावडे, खुरपे यांच्या दांड्यांनाही वॉर्निश लावू नये. पापुद्रा तळहाताला घासून फोड येतात. दांड्यास जवसाचे तेल पातळ लावून पुसून घ्यावे. करडईचे तेलही हळूहळू वाळते आणि जवसासारखे पिवळे पडत नाही. करडईच्या या पट्ट्यात ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नये, विशेषतः जवसाच्या. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. पोळपाट, लाटणे यांना काहीही लावू नये.

लाकूड ओले असेल तर कोणताही लेप टिकत नाही. नवी कापलेली बाभूळ ताबडतोब रंगवू नये. फळीचा एक तुकडा सावलीत ठेवून दर आठवड्यास तराजूत तोलावा. दोन-तीन आठवडे वजन कमी झाले नाही म्हणजे लाकूड वाळले असे समजावे. लाकडात भुंगेऱ्याची छिद्रे व पीठ दिसत असेल तर आधी कीटकनाशकाची प्रक्रिया करून घ्यावी. वॉर्निशने वाळवी थांबते, हा गैरसमज काढून टाकावा.

प्रथम १२० व नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासावे. पाणी लागताच लाकडाचे केस उभे राहतात, म्हणून ओल्या फडक्याने एकदा पुसून, वाळल्यावर पुन्हा २२० ने हलके घासावे. सागात नैसर्गिक तेल असते; पहिल्या हातापूर्वी स्पिरिटच्या फडक्याने पुसावे. लोखंडी वूल वापरू नये, त्याचे कण गंजून ठिपके पडतात; बाभळीतील टॅनिनशी लोखंड आले की काळा डागही येतो. जुन्या चपडा पॉलिशवर थेट पीयू लावू नये. चपड्यात मेण असते, पकड बसत नाही. घासून लाकूड मोकळे करावे.

डब्यातील घट्ट भाग सुमारे एक तृतीयांश आणि उरलेले बहुतांशी पाणीच असल्याने एक हात पातळ बसतो. तीन-चार हात द्यावेत. एक लिटर साधारण १०० चौरस फुटांस एकदा पुरते. सात फूट उंच व साडेतीन फूट रुंद दाराच्या दोन्ही बाजू मिळून ४९ चौरस फूट होतात. तीन हातांस दीड लिटर धरावे. डबा जोराने हलवू नये, बुडबुडे येतात. काठीने सावकाश ढवळावे. टर्पेंटाईन किंवा रॉकेल चुकूनही मिसळू नये. दोन हातांमध्ये ३२० ने हलके घासून धूळ पुसावी.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी असा धरावा. मे महिन्यातील उन्हात ब्रश फिरेपर्यंतच लेप वाळतो आणि रेघा राहतात. लावावयाचेच झाल्यास पहाटे, सावलीत लावावे. थंडीत उलट अडचण: दहा अंशांच्या खाली कण नीट चिकटत नाहीत, म्हणून तेव्हा दहा-अकरानंतर काम सुरू करावे. सप्टेंबरच्या पावसाळी हवेत वाळावयास फार वेळ लागतो.

दाराची खालची व वरची कड बहुतेक मिस्त्री कोरडीच सोडतात, कारण ती दिसत नाही. पाणी सर्वांत जास्त तेथूनच शिरते. दार बिजागरीवर चढवण्यापूर्वीच या दोन्ही कडांना एक हात जादा द्यावा आणि तो आपल्यासमोर द्यावयास सांगावा.

सुरुवात उरलेल्या तुकड्यावर करावी. सर्व हात देऊन आठ दिवस ठेवावा, मग त्यावर ओले फडके दोन तास आणि गरम चहाचा पेला थोडा वेळ ठेवावा. डाग पडला किंवा नखाने पापुद्रा निघाला तर डबा बदलावा अथवा लाकूड पुन्हा वाळवावे. लेप हातास कोरडा लागला तरी पूर्ण कडक होण्यास दोन-तीन आठवडे लागतात; तोवर खाटेवर गादी व टेबलावर गरम भांडे ठेवू नये आणि देव्हाऱ्यात निरांजन लाकडाला लागून ठेवू नये.