वरमित्रांचे तबक

पुणेरी लग्नाच्या यादीत मानाचा तपशील इतक्या बारकाईने लावलेला असतो की, विहिणीचे पाय धुण्यापासून नवरदेवाचा कान पिळणाऱ्या मेहुण्याच्या पोशाखापर्यंत आणि मामाच्या उपरण्यापासून करवलीच्या साडीपर्यंत कोणाचे काय व ते कोणी द्यावयाचे, हे सुपारी फुटते त्याच दिवशी ठरून जाते. परंतु ज्या मित्रांनी वराबरोबर वसतिगृहातील दिवस काढले, जे लग्नाच्या आदल्या रात्री बाहेरगावाहून येऊन उतरतात आणि सामान वाहण्यापासून वृद्धांना हात धरून जिना चढविण्यापर्यंत कोणी न सांगता झटतात, त्यांच्या वाट्याला त्या यादीत एक ओळही येत नाही. हा आपल्या शिरस्त्यातील उणेपणा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि तो भरून काढण्याची आजच्या तरुणांची इच्छा मला मनापासून रास्त वाटते. त्यासाठी ते जी वस्तू निवडू लागले आहेत, तिच्याविषयी मात्र अनुभवाचे चार शब्द सांगणे मला अवश्य वाटते.

माझा भाचा शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, तेथेच नोकरीस लागला आणि लग्नासाठी बुधवार पेठेतील आपल्या घरी, तांबड्या जोगेश्वरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, परत आला. वराने आपल्या निकटच्या मित्रांना लग्नाच्या दिवशी उंची सिगार देऊन त्यांच्यासमवेत तो ओढावयाचा, असा प्रघात त्याने तिकडे पाहिला होता, आणि येताना एक पेटी तो बरोबर घेऊन आला होता. कसबा गणपतीपुढे आणि जोगेश्वरीपुढे अक्षत ठेवून आम्ही परत येत असता त्याने ही गोष्ट मला सांगितली. मी नापसंती दर्शविताच तो म्हणाला, "मामा, एवढी एकच हौस आहे. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं." लग्नघरात मुलाची एवढी हौस मोडू नये, असे त्याच्या आईनेही सांगितल्यामुळे तो विषय तेथेच थांबला.

महिना वैशाखाचा होता. त्या दिवसांत पुण्याची हवा किती कोरडी असते, हे वाळवणे घालणाऱ्या गृहिणीला सांगावे लागत नाही. ती पेटी माडीवरच्या लोखंडी कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला लागून, लग्नापर्यंत तशीच पडून होती. सिगार म्हणजे तंबाखूच्या अखंड पानांची घट्ट गुंडाळी. ती पाने विशिष्ट ओलाव्यात राहिली तरच मऊ व एकजीव राहतात, आणि म्हणूनच जाणते लोक ती 'स्पॅनिश सीडर' नावाच्या लाकडाच्या पेटीत, सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ ते ७० टक्के राहील अशा बंदोबस्ताने ठेवतात. आमच्या पेटीतील सिगार मुहूर्ताच्या दिवशी सकाळी बाहेर काढले, तेव्हा त्यांचे वरचे पान उभे तडकले होते, बोटांत धरताच त्याचे पापुद्रे सुटत होते, आणि दोहोंना तर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडली होती. ती तंबाखूच्या किड्याची असतात, आणि हवा तापली की त्याची अंडी पानातच फुटतात. अशा सिगारचा धूर गार व सौम्य न येता तीक्ष्ण आणि कढत येतो, कारण कोरडे पान भराभर जळते.

मुलांनी ते कार्यालयाच्या गच्चीवर ओढले. बहुतेकांनी त्यापूर्वी कधी सिगारला हात लावलेला नव्हता, सकाळपासून धावपळीत कोणाच्या पोटात चहापलीकडे काही गेलेले नव्हते, आणि वरून ऊन तापत होते. त्यांपैकी एका सुस्वभावी मुलाने आपल्या मित्रासाठी स्वतः मंगलाष्टक रचले होते. त्याची चालही त्याने बसवली होती आणि आदल्या रात्री आम्हां सर्वांना ते म्हणून दाखविले होते. मुहूर्ताला थोडाच अवकाश उरला असता त्याला दरदरून घाम सुटला, चेहरा पांढरा पडला, उलटी झाली आणि त्याला उचलून खालच्या खोलीत निजवावे लागले. अंतरपाट धरला गेला, तेव्हा त्याच्या हस्ताक्षरातील तो कागद दुसऱ्याच कोणी हातात घेऊन अडखळत वाचीत होता, आणि ज्याने तो लिहिला तो पंख्याखाली डोळे मिटून पडला होता. तासाभरात तो सावरला हे खरे. पण तो क्षण त्याला परत मिळाला नाही, आणि माझ्या भाच्याच्या मनातली ती रुखरुख अजूनही गेलेली नाही.

यातील कारणमीमांसा समजून घेणे जरूर आहे, कारण "धूर आत घेतला नाही म्हणजे काही होत नाही" या समजुतीवर पुष्कळ तरुण विसंबून असतात. सिगारच्या तंबाखूचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटीन फुप्फुसापर्यंत न जाताही तोंडाच्या आतील त्वचेतून रक्तात शिरते. शिवाय एका मोठ्या सिगारमध्ये अनेक सिगारेटींइतका तंबाखू असतो. ज्याला सवय नाही, त्याला मळमळ, घाम आणि भोवळ येण्यास तेवढे पुरेसे होते, आणि रिकाम्या पोटी तर फारच लवकर. कर्करोगाचा धोका याहून वेगळा आणि दूरगामी. तो सिगारला चुकलेला नाही.

आणखी एक गोष्ट कार्यालय ठरवितानाच ध्यानात घ्यावी. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे, आणि अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखूचा पदार्थ विकणे हा गुन्हा आहे. वराच्या मित्रांमागे त्याचे कोवळ्या वयाचे मावसभाऊ व चुलतभाऊ हटकून असतात. थोरल्यांच्या हातात जे दिसेल, ते त्यांना हवेसे वाटते.

एवढे सांगूनही ज्यांचा आग्रह कायम राहील आणि ज्यांची मित्रमंडळी खरोखरच सवयीची असेल, त्यांनी निदान इतकी दक्षता घ्यावी: पेटी लग्नाच्या फार आधी आणू नये, आणली तर आर्द्रता राखणाऱ्या पुडीसह हवाबंद डब्यात घालून घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी, शीतकपाटात मात्र नव्हे, कारण तेथील हवा ओलावा शोषून घेते, देण्यापूर्वी प्रत्येक नग अंगठा आणि तर्जनी यांत हलकेच दाबून पाहावा, तो किंचित दबून पुन्हा पूर्ववत झाला पाहिजे, जाड व लांब सिगारचा डौल टाळून आखूड आणि सौम्य जातीचा घ्यावा, आणि हा प्रसंग मुहूर्तापूर्वी न ठेवता, सारे विधी आटोपून पंगती उठल्यानंतर, आपल्या खासगी जागेत, मोकळ्या हवेवर ठेवावा. नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. मित्रांमध्ये जो सर्वांत अननुभवी असेल, त्याच्या प्रकृतीला काय मानवेल, हे पाहून सर्वांसाठी वस्तू निवडावी. जो सर्वांत पट्टीचा असेल, त्याच्या आवडीवरून निवडू नये.

माझ्या धाकट्या भाच्याच्या लग्नात वराच्या मित्रांपुढे धरावयाच्या तबकाची मुखत्यारी माझ्याकडे आली, तेव्हा मी विड्याकडे वळलो. परक्याची चाल टाकून आपली धरावी, असा अभिनिवेश त्यात नव्हता. एकाच तबकातून सर्वांना घेता येईल, अशी दुसरी वस्तू मला आढळली नाही, हेच त्याचे कारण. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांमध्ये तांबूलाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे, आणि त्यात तंबाखू असणे शक्यच नव्हते. कारण ती वनस्पती पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर नंतर आली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा तेथे ती नवलाईची वस्तू होती. विड्यातील तंबाखू ही अशी मागाहूनची भर आहे, आणि ती वगळल्याने विड्याचे काही उणे होत नाही.

सुपारीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. श्रीवर्धनचा रोठा हा आपल्याकडे मानाचा. पण सुपारी लागणे म्हणजे काय, हे ज्याने भर पंगतीनंतर छाती दाटून, कान तापून, घामाघूम होऊन अनुभवले आहे, त्याला मी अधिक सांगावयास नको. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील मनुष्यास कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिलेला आहे, आणि तोंड उघडेनासे करणारा जो तंतुमय विकार तरुणांत दिसतो, त्याचे मूळही तिच्यातच आहे. म्हणून मी देवापुढच्या विड्याची सुपारी तशीच राहू दिली, आणि माणसांच्या विड्यातून ती काढली.

मग विड्यात राहिले काय? गुलकंद, भाजलेली बडीशेप, धनाडाळ, किसलेले सुके खोबरे, वेलदोड्याचे दाणे, ज्येष्ठमधाची चिमूट, जायपत्रीचा कण, आणि वरून टोचलेली लवंग. कातही गाळला, आणि त्याचा एक अनपेक्षित लाभ पदरात पडला. ही मुले रेशमी कुडते आणि शेले घालून वावरत असतात. कात, चुना व सुपारी एकत्र आली की जो तांबडा रस सुटतो, त्याचा एक थेंब शुभ्र रेशमावर पडला, तर तो कोणत्याही धुण्याने जात नाही. कात व सुपारी नसलेला विडा रंगत नाही, हे त्याचे न्यून मानणाऱ्यांना मी आदरपूर्वक सांगेन की, लग्नाच्या दिवशी तोच त्याचा गुण आहे. चुना मात्र अगदी नखाच्या टोकाइतका, आणि तोही पानाच्या मध्यावर सारखा पसरलेला असावा; एके जागी गोळा राहिला, तर गालाच्या आतली कातडी भाजते आणि पुढच्या पंगतीत त्या माणसाला आमटीचा घोटदेखील घेववत नाही.

पानाची निवड स्वतः करावी. कलकत्ता पान रुंद, जाडसर आणि तिखट. ज्याला सवय आहे, त्यालाच ते भावते. मघई लहान, कोवळे, तोंडात विरघळणारे, पण उन्हाळ्यात लवकर मान टाकणारे. नवख्यांसाठी मला मघईच योग्य वाटले. घेताना पान उजेडासमोर धरावे, म्हणजे सडण्याचे काळे ठिपके दिसतात. देठ वाकविला असता चटकन मोडला पाहिजे. घरी आणल्यावर पाने धुऊन, पुसून, ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवावी, आणि देठ, टोक व मधली जाड शीर विडा बांधतेवेळीच काढावी. गुलकंद उष्णतेने पातळ होऊन पानाबाहेर झिरपतो, यासाठी विडे पंगत बसल्यानंतर बांधावयास घ्यावे, ती उठेपर्यंत ते तयार होतात.

तबक, अत्तरदाणी व गुलाबदाणी तुळशीबागेत सहज मिळतात. नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेल्या राममंदिराभोवती तांब्यापितळेची जी दुकाने आहेत, तेथे माझ्या आजीने माझ्या आईची लग्नातली भांडी घेतली होती, आणि आजही हाताने ठोकून, कानाने नाद ऐकून पारख करू देणारे दुकानदार तेथे आहेत. बाजारहाटीला संकष्टीचा दिवस टाळावा. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची गर्दी त्या दिवशी असते, तीतून ओल्या पानांची टोपली सांभाळून आणणे कठीण. अत्तर उन्हाळ्यात खसाचे अथवा मोगऱ्याचे, हिना थंडीसाठी. मनगटाच्या मागे एक बोट फिरवावे, कपड्यावर नव्हे, आणि ज्याला दम्याचा त्रास आहे, त्याला आधी विचारावे.

बेलबाग ज्यांनी बांधली, त्या नाना फडणवीसांनी सवाई माधवराव पेशव्यांच्या लग्नासाठी करून दिलेली याद प्रसिद्ध आहे. एकेक काम एकेका माणसाच्या नावे लावून देण्याची जी रीत तीत दिसते, ती मला या लहानशा कामातही फार उपयोगी पडली. तबकाचा जिम्मा एकाच माणसाकडे द्यावा, आणि तो माणूस शक्यतो मित्रांपैकी नसावा. एका परिचिताच्या घरी हे काम चौघांत वाटले गेले, पानवाल्याने तंबाखूचे आणि साधे असे दोन्ही विडे पाठविले, ते कोणीतरी एकाच ताटात मांडले, आणि वराच्या वृद्ध आत्याबाई साधा समजून तंबाखूचा विडा खाऊन बसल्या. ज्याला तंबाखू लागतो, त्याच्या कमरेला त्याची चंची असतेच. यजमानाने ती तजवीज करण्याचे कारण नाही. म्हणून विडे घरी न बांधता पानवाल्याकडून घ्यावयाचे असतील, तर त्याला मागणी कागदावर लिहून द्यावी, "तंबाखू नको, सुपारी नको, कात नको" हे तीनही शब्द त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, माणशी दोन विडे धरून संख्या सांगावी, आणि माल हाती आल्यावर, तबक मांडण्यापूर्वी, प्रत्येक थरातील एक विडा उकलून पाहावा व एक स्वतः खाऊन पाहावा.