आग रामेश्वरी, बंब कपाटात!



‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण शाळेत असताना पाठ केली होती. घरातल्या अग्निशामकाची, म्हणजे त्या लाल फायर एक्स्टिंग्विशरची गत बऱ्याचदा तशीच होते. हौसेने आणलेला असतो, पण स्टोअररूममध्ये सुटकेसच्या मागे! आणि हाताशी सापडलाच, तर फवारा वर ज्वाळांवर आणि आग मात्र खाली. म्हणून हा छोटासा पाठ.

२५ मे १९६१ रोजी इथल्या बुकित हो स्वी वस्तीला लागलेल्या आगीत सुमारे १६,००० लोक बेघर झाले. त्या जागी पुढे एचडीबीच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. आज काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅबमुळे एका घरातली आग सहसा शेजारी जात नाही. पण घराच्या आतली आग आपलीच! एससीडीएफ, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाच्या आकडेवारीत आगीच्या सुमारे निम्म्या घटना राहत्या घरांतल्या असतात, आणि गॅसवर भांडे ठेवून दुसरीकडे जाणे हे त्यांचे एक प्रमुख कारण असते. १ जून २०१८ पासून नव्या घरांत धुराचा अलार्म सक्तीचा झाला आहे. पण अलार्म फक्त ओरडतो, आग विझवत नाही.

आता असा विचार करा, की दुपारी घरी कोण असते? आपण ऑफिसात. स्वयंपाकघरात असतात भारतातून आलेले आई-बाबा, नाहीतर हेल्पर. त्यामुळे हा पाठ आपण वाचून भागणार नाही, त्यांना करून दाखवायला हवा. ज्याच्या हातात झारा, त्याला अग्निशामक चालवता आला पाहिजे!

कोणता घ्यावा, कुठे ठेवावा?
घरासाठी १ किलोचा एबीसी ड्राय पावडर प्रकारचा पुरे. कापड-लाकूड, ज्वलनशील द्रव, विजेची उपकरणे, सगळीकडे ही पावडर चालते. ती ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडते, म्हणून आग विझते. शेगडीच्या शेजारी मात्र ठेवू नका, कारण आग तिथेच लागली तर हात घालणार कसा? स्वयंपाकघराच्या दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा. महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना आणि पिनेचे सील शाबूत आहे ना, ते बघा.

हात घालण्याआधी
आग कचऱ्याच्या डब्याएवढीच आहे का? बाहेर जायचे दार आपल्या पाठीमागे आहे का? धूर कमी आहे का? घरातले बाकीचे बाहेर पडले का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर विझवायच्या फंदात न पडता बाहेर पडा.

चार पायऱ्या
१. पीन ओढा.
२. दोन-तीन पावलांवर उभे राहून नळीचे तोंड आगीच्या बुडाशी रोखा.
३. वरचा दांडा दाबा.
४. फवारा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवा.

लक्षात असू द्या, १ किलोचा अग्निशामक जेमतेम दहा सेकंद चालतो. पहिला फवारा वर हवेत गेला, तर निम्मा खेळ संपला! विझल्यावरही पाठ फिरवू नका, कारण पावडर थंडावा देत नाही आणि आग पुन्हा भडकू शकते. थोडासा जरी वापरला, तरी तो भरून किंवा बदलून घ्या. नंतर दाब हळूहळू निघून जातो.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर
चकल्या-करंज्यांच्या दिवसांत हे विशेष सांगायचे. पाणी अजिबात ओतू नका! पाणी तेलाच्या तळाशी जाते, क्षणात त्याची सतराशेपट वाफ होते आणि जळते तेल छतापर्यंत उडते. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करा, झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवा आणि कढई पूर्ण निवेपर्यंत उघडू नका. ती उचलून सिंककडे नेऊ नका. अग्निशामक वापरायचाच झाला तर लांबूनच, कारण जवळून मारलेल्या जोरदार फवाऱ्यानेही तेल उडते.

चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरची बॅटरी पेटली, तर तिथे थांबूच नका. लिथियमची बॅटरी आतून पेटत राहते, पावडरने ती शांत होत नाही.

विझली नाही तर?
एक अग्निशामक संपला की आपले काम संपले. मागे दार ओढून घ्या, लिफ्ट न वापरता जिन्याने उतरा आणि ९९५ लावा. आई-बाबांच्या डोक्यात भारतातला १०१ असतो, इथे तो चालणार नाही! म्हणून ९९५, ब्लॉक, युनिट आणि सहा आकडी पोस्टल कोड मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवा. इंग्रजी अडखळले, तरी ‘फायर’ आणि पोस्टल कोड एवढे सांगता आले की इमारत सापडते. लोखंडी गेटची किल्लीही दाराजवळ ठरलेल्या जागी हवी.

येत्या रविवारी चहा झाल्यावर पाच मिनिटे काढा. पीन न ओढता प्रत्येकाच्या हातात अग्निशामक द्या, त्याचे वजन कळू द्या, चार पायऱ्या तोंडाने म्हणून घ्या. आणि हो, पुढच्या गृहप्रवेशाला फुलदाणीऐवजी अग्निशामक भेट द्यायला काय हरकत आहे? तो कधी वापरावा लागू नये, हीच सदिच्छा!