‘आवाज’ आणि ‘नॉइझ’ : काही शब्दजोड्या

मराठीतील ‘आवाज’ हा एकच शब्द देवळातील घंटेलाही चालतो, गायकाच्या गळ्यालाही आणि पिठाच्या गिरणीलाही. इंग्रजीत मात्र त्याचे तीन वाटेकरी आहेत : कोणताही ध्वनी तो ‘साउंड’, मनुष्याच्या कंठातून निघणारा तो ‘व्हॉइस’ आणि सहसा नकोसा वाटणारा तो ‘नॉइझ’. यांपैकी ‘नॉइझ’ची संगत कोणत्या शब्दांशी जुळते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आपण आवाज ‘करतो’, म्हणून विद्यार्थी ‘डू नॉइझ’ असे लिहून मोकळा होतो. इंग्रजीत येथे ‘मेक’ हेच क्रियापद योजावे लागते. ‘डोन्ट मेक अ नॉइझ’ हे वर्गातील नित्याचे वाक्य. ‘द पंप इज मेकिंग अ स्ट्रेंज नॉइझ’ हे पंपाच्या दुरुस्तीसाठी धाडावयाच्या पत्रातील. असा आवाज कानी पडला तर ‘हिअर’ म्हणावे. ‘लिसन टु’ म्हणजे मुद्दाम कान देऊन ऐकणे.

विशेषणांत घोटाळा अधिक होतो. मोठा आवाज म्हणजे ‘लाउड नॉइझ’. ‘बिग नॉइझ’ नव्हे. बोलभाषेत ‘अ बिग नॉइझ’ म्हणजे एखादे बडे प्रस्थ! अखंड चालणारा तो ‘कॉन्स्टन्ट नॉइझ’, कानठळ्या बसविणारा ‘डेफनिंग नॉइझ’ आणि संभाषणामागे चालू असलेला गलबला तो ‘बॅकग्राउंड नॉइझ’.

ज्यांना कार्यालयाशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करावा लागतो, त्यांना ही निवड विशेष उपयोगी आहे. आपण ‘ध्वनिप्रदूषण’ म्हणतो, त्यामुळे अर्जात ‘साउंड पोल्यूशन’ उतरते. सन २००० च्या केंद्रीय नियमांच्या इंग्रजी नावात मात्र ‘नॉइझ पोल्यूशन’ आहे, आणि अर्जातही तोच शब्द असावा. या नियमांनुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ही पातळी म्हणजे ‘नॉइझ लेव्हल’. ‘बिग साउंड इज कमिंग’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘लाउड नॉइझ फ्रॉम अ लाउडस्पीकर आफ्टर १० पी.एम.’ असे लिहून ठिकाण व तारीख द्यावी. वाचणाऱ्या अधिकाऱ्यास नियम शोधावा लागत नाही. तक्रार ‘करणे’ यासही ‘मेक अ कम्प्लेंट’ असेच म्हणतात. तेथेही ‘डू’ चालत नाही.