दिसला का वाघ?



दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गात सांगितले होते, की आम्ही पालच्या जंगलात जाणार आणि मी वाघ पाहून येणार. आता जो भेटेल तो विचारतो, "दिसला का वाघ?" म्हणून हा लेख लिहिला आहे.

पाल हे गाव आपल्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात, सातपुडा डोंगरात आहे. तेथे यावल अभयारण्य आहे. अभय म्हणजे भीती नसणे. अरण्य म्हणजे रान. जेथे प्राण्यांना माणसाची भीती नसावी ते अभयारण्य. हे अभयारण्य १९६९ साली झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर आहे. डोंगरापलीकडे मध्य प्रदेश लागतो. सुकी आणि अनेर या तेथल्या नद्या. साग, सालई, धावडा आणि अंजन ही झाडे तेथे आहेत.

आबा, आई, आजी, लहान भाऊ आणि मी एस.टी.ने रावेरला मामांकडे गेलो. मामांनी आधीच परवानगी काढून ठेवली होती. त्यांच्या जीपमधून पालला गेलो आणि वनखात्याच्या विश्रामगृहात दोन रात्री राहिलो. रात्री एवढी थंडी पडली की आजीने घरून आणलेली गोधडी कामाला आली. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी होती. बाहेर मिट्ट काळोख. लांबून कोल्हे ओरडले तेव्हा भाऊ आईला बिलगला. मीपण थोडी घाबरले होते.

सकाळी सहाला जीप निघाली. बरोबर वाटाड्या काका होते. ते म्हणाले, "आरडाओरड करायची नाही, खाली उतरायचे नाही, काही फेकायचे नाही. हे जनावरांचं घर आहे, आपण पाहुणे आहोत." आम्हाला मोर दिसले, वानरे दिसली, एक भेकर पळताना दिसले. एका ठिकाणी रानडुकरांनी जमीन उकरलेली होती. धुळीच्या वाटेवर बिबट्याच्या पायाचे ठसे होते. काकांनी ते ओळखायला शिकवले. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात. बिबट्याच्या ठशात बहुतेक उमटत नाहीत, कारण तो मांजरीसारखी नखे आत ओढून चालतो.

वाघ मात्र दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला रडूच येत होते. शाळेत काय सांगू?

तेवढ्यात काकांनी बोट दाखवले. वाळक्या फांदीवर एक छोटे घुबड उन्हात बसले होते. काका म्हणाले, "पिंगळा आहे. पण या रानात रानपिंगळा नावाचा फार दुर्मिळ पक्षीही राहतो." मी लगेच वहीत लिहिले, 'रानपिंगळा दिसला.' काकांनी दुर्बीण दिली आणि विचारले, "डोक्यावर पांढरे ठिपके आहेत का नीट पाहा." मी पाहिले. ठिपके चांगले ठळक होते. काका म्हणाले, "मग हा साधा पिंगळा. गावात असतो तोच." मी मान हलवली, पण वहीत लिहिलेले खोडले नाही. मनात म्हटले, कोणाला कळणार आहे?

शाळा उघडल्यावर गुरुजींनी वही वाचली. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी सगळ्या वर्गाला रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. ती अशी.

ॲलन ह्यूम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली या पक्ष्याची पहिली माहिती छापली. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत नाव येते ते ह्यूम हेच. पुढे डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याला हा पक्षी आपल्या खानदेशात मिळाला. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून याचे फक्त ७ नमुने होते. त्यातला शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा. पण एका नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातमधले मांडवी असे लिहिलेले होते. ते माइनर्टझागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लिहिले होते आणि ते खोटे होते. त्याने डेव्हिडसनचाच जुना नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी वाचून लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पक्षी सापडेना. तो जगातून नाहीसा झाला असेच पुष्कळांना वाटू लागले.

मग १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आले. त्यांनी खोट्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही. खऱ्या नोंदी जिथल्या होत्या तिथेच ते गेले. शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला! ११३ वर्षांनी! शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

गुरुजी म्हणाले, "आता आपल्या वर्गातल्या मुलीने तो पाहिला. टाळ्या वाजवा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे कान गरम झाले. मला त्या खोट्या चिठ्ठीची आठवण येत होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, तो साधा पिंगळा होता. मी खोटं लिहिलं."

वर्ग गप्प झाला. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला पेन दिला. मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिले, 'साधा पिंगळा, १. डोक्यावर ठिपके होते.' गुरुजी म्हणाले, "आता ही नोंद उपयोगाची झाली. हे भित्तिपत्रकात लिही."

घरी आबांना सांगितले. ते म्हणाले, "काट्यावर कापूस मोजताना एक आकडा खोटा लिहिला, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो. तसंच आहे हे."

दोन्ही पक्षी कसे ओळखावे ते लिहिते. दोन्ही साधारण साळुंकीएवढे असतात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते अगदी पुसट असतात. त्याच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. तो दिवसाही शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर खातो. झाडाच्या ढोलीत घरटे करतो. म्हणून जुनी, पोकळ झाडेही त्याला लागतात.

आमच्या घरामागच्या निंबाच्या ढोलीतही एक साधा पिंगळा आहे. आजी म्हणायची, "हाऊ पिंगया रोज बोलस, हाई काही चांगलं नही." मी तिला सांगितले, की तो आपल्या कोठीतले धान्य खाणारे उंदीर खातो. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे त्याले."

तर मित्रांनो, वाघ दिसला नाही. जे दिसले ते सगळे वर लिहिले आहे. एकही जास्त नाही.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी