भुताचं नाव आधी कुणाला माहीत होतं?

अभ्यास पाठ : गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी
वेळ : वाचन व चर्चा 40 मिनिटं, खेळ 15 मिनिटं
साहित्य : झाकणाचे पाच सारखे डबे आणि एक खडा



संध्याकाळी चूल आवरली की घरोघरी टीव्ही नाहीतर मोबाईल सुरू होतो. त्यात भुताखेतांचे कार्यक्रम पोरांच्या आवडीचे. मोठी माणसंही "काय वेडेपणा लावलाय" म्हणत म्हणत शेवटपर्यंत बघतात. मनोरंजन म्हणून बघायला कुणाची हरकत नाही. पण असे कार्यक्रम दोन प्रकारचे असतात, ते आधी समजून घेऊ.

पहिला प्रकार गोष्टीचा. 'आहट'सारख्या मालिकेत नट-नट्या काम करतात, गोष्ट लिहिलेली असते आणि आपल्यालाही ते ठाऊक असतं. दुसरा प्रकार 'शोधा'चा. त्यात एक पथक जुन्या वाड्यात, किल्ल्यात किंवा तुरुंगात रात्र काढतं. हातात यंत्रं असतात आणि "आम्ही खरंखोटं तपासायला आलोय" असं सांगितलं जातं. आपण जास्त फसतो ते या दुसऱ्या प्रकारात, कारण तिथे गोष्टीला तपासणीचे कपडे घातलेले असतात.

आजच्या पाठात अशाच एका मालिकेचा एक भाग अभ्यासायचा आहे. तो आहे इंग्लंडमधला. त्यात नक्की काय घडलं हे पुढे उघड झालं, म्हणून तो निवडला.

भाग कुठला, माणसं कोण

मालिकेचं नाव 'मोस्ट हॉन्टेड', म्हणजे 'सगळ्यात झपाटलेलं'. ती 2002 साली ब्रिटनमधल्या 'लिव्हिंग टीव्ही' या वाहिनीवर सुरू झाली. दर भागात पथक एका जुन्या जागी जायचं. सूत्रसंचालिका यिव्हेट फील्डिंग जागेचा इतिहास सांगायच्या. मग डेरेक अकोरा नावाचे गृहस्थ त्या जागेत फिरायचे. मेलेल्या माणसांशी आपला संवाद होतो, असा त्यांचा दावा होता. फिरता फिरता ते आत्म्यांची नावं सांगत, आणि कधीकधी त्यांच्या अंगातही येई. आवाज बदलायचा, चेहरा बदलायचा. त्यानंतर दिवे घालवून अंधारात चित्रीकरण होई.

पथकात कियरन ओकीफ हे मानसशास्त्राचे अभ्यासकही होते. जे घडतंय त्याला साधं कारण असू शकेल का, हे बघणं त्यांचं काम.

आपला भाग आहे बॉडमिनच्या तुरुंगाचा. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे, तिथे हा दगडी तुरुंग 1779 साली बांधायला घेतला आणि 1927 साली बंद झाला. इथे अनेकांना फाशी दिली गेली. 1878 साली सेलिना वॅज या गरीब, अविवाहित आईला स्वतःच्या लहान मुलाचा जीव घेतल्याबद्दल इथेच फाशी झाली. तिचं भूत तिथे फिरतं, असं आजही सांगतात. तिच्यावर अशी वेळ का आली, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

कागदावर लिहिलेलं नाव

अकोरांना आत्म्यांची नावं कशी समजतात, याबद्दल ओकीफ यांना शंका होती. कुणीतरी आधी माहिती पुरवत असेल का? शंका मनात ठेवण्यापेक्षा तपासून बघावी, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी एक खोटं नाव तयार केलं : 'क्रीड काफर'. हा म्हणे दक्षिण आफ्रिकेतून आलेला, त्या तुरुंगातला जेलर. असा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. ओकीफ यांनी ते नाव कागदावर लिहून पथकातल्या एका माणसाला दिलं आणि सांगितलं, "चित्रीकरणाच्या आधी सहज बोलता बोलता हे अकोरांच्या कानावर घाल."

पुढे चित्रीकरण सुरू झालं आणि अकोरांच्या अंगात आलं. कोण आलं? क्रीड काफर!

ज्या तुरुंगात खरी माणसं खितपत पडली, फासावर गेली, तिथे आत्मा आला तो कधी नसलेल्या माणसाचा.

त्या नावातही एक गंमत होती. 'रामा'ची अक्षरं फिरवली की 'मारा' होतं ना? तशी 'क्रीड काफर'ची इंग्रजी अक्षरं फिरवली की 'डेरेक फेकर' होतं, म्हणजे 'डेरेक सोंगाड्या'. ओकीफ यांनी सापळ्यातच खूण ठेवली होती.

ऑक्टोबर 2005 मध्ये ओकीफ यांनी हे सगळं 'डेली मिरर' या वर्तमानपत्राला सांगितलं. अकोरांनी फसवणुकीचा आरोप नाकारला. त्याच वर्षी ते मालिकेतून बाहेर पडले. 2020 साली त्यांचं निधन झालं.

खोटारडा म्हणायचं का?

इथे घाई करू नका. अकोरा जाणूनबुजून सोंग करत होते की कानावर पडलेलं नाव मनात रुजलं आणि तेच तोंडातून आलं, हे त्यांच्या मनात शिरून आपण बघू शकत नाही. माणसाचं मन असं करू शकतं. कानावर पडलेली गोष्ट कुठे ऐकली ते विसरतं, आणि पुढे ती आपल्यालाच आतून सुचली असं वाटतं.

पण निकाल द्यायला मनात शिरायची गरजच नाही. दोन्ही बाबतीत एक गोष्ट पक्की राहते : नाव आत्म्याकडून आलं नव्हतं, कागदावरून आलं होतं. म्हणून या पाठाचा मुख्य प्रश्न "तो खरा की खोटा?" असा नाही. प्रश्न असा आहे : ही माहिती त्याच्यापर्यंत आधी कुठून पोचली असेल?

हिरवा अंधार आणि टिकटिकणारी यंत्रं

असे भाग बघताना आणखी काही गोष्टींवर लक्ष ठेवा.

*हिरवट चित्र :* अंधारात दिसणारा कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो. चेहरे फिकट आणि डोळे चमकते दिसतात ते त्यामुळे. तुमचा-माझा चेहराही तसाच दिसेल.

*तरंगणारे गोळे :* धुळीचा कण किंवा चिलट कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलं आणि त्यावर प्रकाश पडला की पांढरा गोल दिसतो. धान्य पाखडताना मोबाईलच्या फ्लॅशने फोटो काढा, घरबसल्या असे गोळे मिळतील.

*टिकटिकणारं यंत्र :* ते विजेच्या तारा आणि उपकरणांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतं. भिंतीतली वायर आणि खिशातला मोबाईल यांनीही ते वाजतं. आत्मा मोजणारं यंत्र कुणीही बनवलेलं नाही.

*अंगावर काटा :* विक टँडी नावाच्या इंग्लिश अभियंत्याला प्रयोगशाळेत एकटं काम करताना भीती वाटायची. एकदा तर बाजूला करडी आकृती दिसली. त्यांनी शोध घेतला, तेव्हा तिथला एक पंखा कानाला ऐकू न येणारी मंद कंपनं निर्माण करत होता. कारण तेच असावं, असं त्यांनी 1998 साली लेख लिहून मांडलं. भीती खरी होती, पण भूत शोधायची गरज पडली नाही.

निकाल काय लागला?

प्रेक्षकांनी तक्रार केली. ब्रिटनमध्ये टीव्हीवर देखरेख ठेवायला 'ऑफकॉम' ही कायद्याने नेमलेली संस्था आहे. डिसेंबर 2005 मध्ये तिने निर्णय दिला : या कार्यक्रमात दिखाऊपणा इतका आहे की त्याला खरा शोध म्हणता येत नाही, हे मनोरंजन आहे. आणि मनोरंजन असल्यामुळे प्रेक्षकांची फसवणूक झाली असं धरता येत नाही.

म्हणजे तक्रार फेटाळली गेली, पण "हा शोध नव्हे" हेही लेखी आलं. तेव्हा असा भाग कितीही चांगला वाटला तरी पुरावा म्हणून त्याचं नाव घेऊ नका.

आपल्या दारात काय?

टीव्ही बंद करता येतो. पण "बाहेरचं आहे" हा शब्द घरात शिरला की तो बंद करायला बटण नसतं.

समजा, एक बाई महिनाभर आजारी आहे. झोप नाही, जेवण जात नाही, एकटीच बडबडते. घरचे तिला देवऋषीकडे नेतात. तो सांगतो, "घरातल्या जमिनीचा वाद आहे. जवळच्याच बाईची नजर आहे." सगळे थक्क! याला कसं कळलं?

आता आपला प्रश्न विचारा. ज्याने त्याचं नाव सुचवलं तो गावचाच ना? रांगेत बसल्यावर सासूबाई शेजारणीशी काय बोलत होत्या? आणि सांगा पाहू, जमिनीचा वाद नसलेली घरं गावात किती? "जवळच्याच बाईची नजर" ही टोपी कुणाच्याही डोक्यावर बसते. बहुतेक वेळा ती बसते विधवेच्या, मूल नसलेल्या बाईच्या किंवा एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या डोक्यावर, कारण तिच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

मग तीन नुकसानं होतात. आजारी बाईचा उपचार लांबतो. उताऱ्यापायी पैसा जातो, त्यात गटातून उचललेलं कर्जही जातं, आणि हप्ता तिलाच फेडावा लागतो. तिसरं नुकसान भरून येत नाही : एका निरपराध बाईवर शिक्का बसतो.

अंगात येणाऱ्या सखीला कुणी खोटारडी म्हणू नका. तिचं दुखणं खरं असतं. ज्या घरात बाईचं ऐकून घेतलं जात नाही, तिथे कधीकधी मनच असा मार्ग काढतं. तिला एकांतात विचारा, "काय होतंय गं तुला?" मन आजारी वाटलं तर टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर आहे. तो मोफत आहे.

कायदा काय म्हणतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 साली झाला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला होता. या कायद्याने पुढील गोष्टी गुन्हा आहेत :

1. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं.
2. अमुक बाई करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, गुरांचं दूध आटतं, असं पसरवून तिचं जगणं कठीण करणं.
3. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं.
4. चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणं.

शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही, म्हणून "धर्म बुडवायला निघाल्या" असं कुणी म्हणालं तर हे सांगा. मारहाण चालू असेल तर 112 वर फोन करा. साप चावला तर 108.

खेळ : पाच डबे

एकीने पाचपैकी एका डब्याखाली खडा लपवायचा आणि समोर बसायचं. दुसरीने डबे न उचलता, त्यांवरून हळूहळू हात फिरवत, लपवणारीच्या चेहऱ्याकडे बघत ओळखायचं. असं दहा वेळा करा. बरोबर किती आले ते लिहा.

दुसऱ्या फेरीत आधी सगळ्यांनी बाहेर जायचं. लपवणारीने खडा ठेवून निघून जायचं आणि मग बाकीच्यांनी आत यायचं, म्हणजे खोलीत कुणालाच जागा माहीत नाही. हेही दहा वेळा करा. नुसत्या नशिबाने दहात साधारण दोन बरोबर येतात, कधी एक, कधी तीन-चार. दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. पहिल्या फेरीत जास्त आले असतील तर ती माहिती कुठून मिळाली, यावर बोला.

चर्चेसाठी प्रश्न

1. ओकीफ यांनी खरं नाव न देता खोटं नाव का दिलं? खरं नाव दिलं असतं तर काय सिद्ध झालं असतं?
2. आपल्या गावात "त्याला सगळं कळतं" असं कुणाबद्दल म्हणतात? त्याला माहिती कुठून मिळू शकते? (माणसाचं नाव घेऊ नका, फक्त वाटा शोधा.)
3. गटातल्या सखीने उताऱ्यासाठी कर्ज मागितलं तर तिला न दुखावता काय बोलाल? आधी दवाखान्यात तिच्यासोबत कोण जाईल?
4. गावात एखाद्या बाईवर करणीचा आळ आला तर पहिल्या दिवशी आपला गट काय करेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ठराव म्हणून बैठकीच्या वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याची प्रत ग्रामसंघाकडे द्या. आळ येईल त्या दिवशी कुणाला काय करायचं हे आधीच ठरलेलं असेल, तर ती बाई एकटी पडणार नाही.