दुसऱ्या गावचं पुस्तक मागवताना

पोरी, भोसरी एमआयडीसीतली नोकरी सांभाळून तू पीएच.डी.ला नाव घातलंस, आणि तेही इथे पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या कामगार कुटुंबांवर, याचा तुझ्या मामाला फार अभिमान आहे. विषय आपल्या दारातला असला, तरी त्यावरची पुस्तकं मात्र गावोगावच्या कपाटांत विखुरलेली आहेत. कुठल्याच ग्रंथालयाला सगळं विकत घेणं परवडत नाही, म्हणून ग्रंथालयं आपली पुस्तकं एकमेकांच्या वाचकांना देतात. यालाच आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. महाविद्यालयाच्या देवघेव खिडकीमागे माझी हयात गेली. तिथे शिकलेल्या चार गोष्टी तुला सांगतो, त्या गाठीशी ठेव.

आधी जवळचं धुंडाळ. बाहेर मागणी पाठवण्यापूर्वी आपल्या ग्रंथालयाची तालिका बघ, मग विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाची. पुस्तक जवळच असताना परगावी पत्र गेलं, तर तिथल्या माणसाचा वेळ फुकट जातो आणि पुढच्या मागणीला आपली पत राहत नाही. फुकट मिळणारं तर आधीच वाचून काढ. देशभरातले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर खुले आहेत. गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने कितीतरी जुनी पुस्तकं डिजिटल करून सर्वांना मोकळी केली आहेत. गाडगीळांची पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी 1945 आणि 1952 अशी दोन भागांत निघाली. तुझ्या प्रबंधाचा पाया तिथेच आहे, ती आधी शोध. संशोधन लेखांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालं आहे. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं त्यातून सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना मिळतात. आपलं महाविद्यालय त्यात नसलं, तरी विद्यापीठाची विद्यार्थिनी म्हणून तुला काय मिळेल ते जयकरमध्ये विचार.

नुसत्या नावावर विसंबू नकोस. रिचर्ड लॅम्बर्ट यांचं 1963 सालचं ‘वर्कर्स, फॅक्टरीज अँड सोशल चेंज इन इंडिया’ हे पुस्तक पुण्याच्या पाच कारखान्यांतल्या कामगारांवर आहे, पण त्याच्या नावात पुणे कुठेच नाही. तालिकेत ‘पुणे’ टाकून बसलीस तर ते सापडायचं नाही. म्हणून विषयाने शोध, लेखकाच्या आडनावाने शोध, आणि हाती आलेल्या प्रत्येक पुस्तकाची शेवटची ग्रंथसूची बोट ठेवून वाच. जुन्या इंग्रजी तालिकांत पुण्याचं ‘पूना’ आणि खडकीचं ‘किर्की’ असतं. रोमन लिपीत मराठी आडनावं तर दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. प्रत्येक तऱ्हा करून बघ.

मागणीपत्र असं भर, की समोरच्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये. निम्मं काम इथेच होतं किंवा फसतं. पुस्तकासाठी लेखकाचं पूर्ण नाव, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, गाव आणि साल लिही, आणि असेल तर आयएसबीएन. लेख हवा असेल तर नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक, महिना आणि ‘पृष्ठ अमुक ते तमुक’ एवढं हवंच. मराठी मासिकांच्या बाबतीत नवखी मुलं एक घोळ हमखास घालतात. मुखपृष्ठावर ‘वर्ष 12, अंक 3’ छापलेलं असतं, ते मासिकाचं बारावं वर्ष असतं. त्या जागी इसवी सन लिहिला की शोधणारा भलत्याच गठ्ठ्यात हात घालतो. दोन्ही लिही, आणि दिवाळी अंक असेल तर तसं स्पष्ट लिही. जुन्या पुस्तकावर शके असेल तर त्यात 78 मिळव, म्हणजे इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत 79 मिळवावे लागतात, म्हणून शके 1850 म्हणजे 1928-29 असं जोडसाल लिहावं. ही माहिती तुला कुठल्या ग्रंथसूचीत मिळाली, तेही एका ओळीत टाक. शंका आली तर समोरचा ग्रंथपाल तिथून पडताळून घेतो.

ग्रंथपालांना मधे घे. हा व्यवहार दोन ग्रंथालयांमधला असतो, वाचकाने परस्पर करायचा नसतो. दिल्लीचं ‘डेलनेट’ हे ग्रंथालयांचं जाळं 1988 पासून काम करतं. त्याचं सभासदत्व संस्थेला मिळतं आणि मागणीही संस्थेकडूनच जाते. आपलं महाविद्यालय सभासद आहे का, ते पहिल्याच भेटीत विचार. विद्यापीठांच्या पुस्तकांची ‘इंडकॅट’ ही संयुक्त तालिका उघडून पुस्तक कुठे आहे हे तूच शोधून नेलंस, तर ग्रंथपालांचं काम निम्म्यावर येतं. कुरिअरचा खर्च कोण देणार, मुदत किती, वाढवून मिळेल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी घे आणि वहीत टिपून ठेव. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि वार्षिक ग्रंथपडताळणी या दिवसांत मागण्या तुंबतात. प्रकरण लिहायला घ्यायच्या पुष्कळ आधी मागणी टाक.

जे पुस्तक बाहेर पडत नाही, त्याच्याकडे आपण जावं. दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखितं आणि संदर्भग्रंथ सहसा घरी देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी ग्रंथपालांकडून परिचयपत्र घ्यायचं आणि तिथेच बसून वाचायचं. तुझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, हे तुझं भाग्य समज. शहरातली ग्रंथालयं त्या दिवशी चालू असतात. नाशिक फाट्याला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि डेक्कनला उतरायचं. तिथून गोखले इन्स्टिट्यूट जवळ आहे. जाण्याआधी फोन करून वेळ आणि पुस्तकाची उपलब्धता विचारून घे. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स मागू नकोस. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 अभ्यासासाठी वाजवी वापराला मोकळीक देतं, पुस्तकच्या पुस्तक उतरवायला नाही. लागेल तेवढं प्रकरण घे, बाकीच्या नोंदी हाताने कर.

पुस्तक हातात आलं की खिडकीवरच तपास. दाखल क्रमांक चिठ्ठीशी जुळतो का, पानं सलग आहेत का, मागच्या खिशातला नकाशा किंवा तक्ता जागेवर आहे का, हे बघ. फाटलेलं पान दिसलं तर ग्रंथपालांना तिथल्या तिथे दाखव आणि नोंद करून घे, मगच सही कर. नंतर सांगून उपयोग नसतो. पेन्सिलची रेघसुद्धा मारू नकोस, चिकटणारी चिठ्ठी लावू नकोस. पावसाळ्यात दुचाकीवर नेताना दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळ. आणि मैत्रिणीला एका रात्रीसाठीसुद्धा देऊ नकोस, कारण सही तुझी असते.

मुदतीआधी परत कर. हा सगळ्यांत मोठा मंत्र. एका महाविद्यालयातल्या एका वाचकाने परगावचं पुस्तक वर्षभर अडकवून ठेवलं. स्मरणपत्रं आली, ग्रंथपालांनी घरी निरोप धाडले, आणि अखेर पुस्तक परत गेलं. पण त्यानंतर त्या परगावच्या ग्रंथालयाने त्या महाविद्यालयाच्या मागण्यांना उत्तर देणं बंद केलं. नुकसान झालं ते पुढच्या मुलांचं, ज्यांनी काही केलंच नव्हतं. काम उरलं असेल तर मुदत संपण्यापूर्वी वाढ माग, संपल्यावर नको. नाही म्हटलं तर वाद न घालता पुस्तक आणून दे आणि पुन्हा मागणी टाक.

पोरी, ज्या ग्रंथपालाने तुला कधी पाहिलेलं नाही, तो केवळ आपल्या ग्रंथपालांच्या शब्दावर कपाटातलं पुस्तक काढून तुझ्यासाठी पाठवतो. त्या शब्दाला बट्टा लागू देऊ नकोस. तुझा प्रबंध पुरा झाला की त्याची एक प्रत आपल्या ग्रंथालयाला दे, आणि ती कुणी परगावाहून मागितली तर लगेच पाठवायला सांग.