घरांतील विटांची आगटी

पांचगणी-महाबळेश्वराकडील कांहीं जुन्या बंगल्यांत दिवाणखान्याच्या भिंतीला एक मोठी काळी पोकळी दिसते. देशावरून गेलेलीं मुलें ती पाहून हटकून विचारतात, "एवढा मोठा कोनाडा येथें कशाला?" तो कोनाडा नव्हे, थंडीच्या दिवसांत लाकडें जाळून खोली उबदार ठेवण्यासाठीं इंग्रजी पद्धतीनें बांधलेली ती आगटी होय. आपल्या चुलीशीं तिचें नातें आहे खरें. परंतु चूल जमिनीवर सर्वांच्या डोळ्यांपुढें असते, आणि आगटी भिंतीच्या पोटांत शिरते. तेथें काय चाललें आहे हें घरच्या माणसांस दिसत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांनीं पांचगणीस असा एक जुना बंगला घेतला. आगटीला नव्या फरशा बसवून ती शोभिवंत करावी, एवढाच त्यांचा विचार होता. गवंड्यानें जुना गिलावा पाडला, तों धुराड्याच्या भिंतींत टेकविलेलें तुळईचें टोंक उघडें पडलें. हात लावतांच बोटें काळीं झालीं. त्याच तुळईवर वरच्या मजल्यावरील मुलांच्या निजावयाच्या खोलीची लांकडी जमीन होती! किती हिवाळे ती तशी तापत राहिली असेल, कोण जाणे. फरशा तशाच बसविल्या असत्या, तर हें कोणाच्याही ध्यानांत आलें नसतें.

लाकूड ज्वाळा लागली तरच पेटतें, असा आपला समज असतो. परंतु विटांतून येणारी ऊब वर्षानुवर्षें लागत राहिली म्हणजे लाकूड शुष्क होतें, हळूहळू काळवंडतें, आणि ताज्या लाकडाला जी उष्णता पेटवूं शकली नसती, तीच त्याला पुरेशी होते. म्हणूनच, जेथें घरें पुष्कळशीं लाकडाचीं असतात त्या अमेरिकेंतील बांधकामाच्या नियमांत आगटीच्या बाजूंस २ इंच आणि पाठीमागें ४ इंच मोकळी जागा ठेवून मगच लाकूड येऊं द्यावें, असें सांगितलें आहे. आमच्या स्नेह्यांनीं तुळईचें तें टोंक कापविलें आणि तिला धुराड्यापासून दूर निराळा आधार दिला. खर्च वाढला, फरशा महिनाभर पेटींतच राहिल्या.

आतां धुराविषयीं. आगटीचें तोंड जितकें मोठें तितकी ऊब अधिक, असें त्या गवंड्याचें मत होतें. अठराव्या शतकांतील इंग्लंडांतही तीच समजूत होती, आणि तेथील दिवाणखाने धुरानें भरत असत. बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड यानें १७९६ मध्यें निबंध लिहून ती चूक दाखविली. त्यानें आगटी उथळ केली, तिच्या बाजू तिरप्या केल्या, म्हणजे ऊब खोलींत परतावी; आणि धुराड्याचा गळा सुमारें ४ इंचांपर्यंत अरुंद केला. गळा रुंद असला कीं खोलींतील गरम हवा त्यांतून व्यर्थ निघून जाते आणि धुराची ओढही मंदावते. धुराड्याच्या नळीचें क्षेत्रफळ आगटीच्या तोंडाच्या सुमारें एकदशांश असावें. तोंड ३० इंच रुंद व २४ इंच उंच असेल तर तें ७२० चौरस इंच झालें. तेव्हां नळी ७२ चौरस इंचांची, म्हणजे जवळजवळ साडेआठ इंच लांब-रुंद हवी. धुराडें छपरांतून जेथें बाहेर पडतें, तेथून निदान ३ फूट वर न्यावें.

आंतील अस्तराला साध्या विटा चालत नाहींत. भट्टीला लावतात त्या अग्निविटा, अग्निमातीच्या मालांत, पाव इंचाहून जाड सांधा न ठेवतां लावाव्या. सिमेंटचा साधा माल त्या आंचेंत तडकतो. आगटीपुढील जमीन दगडाची किंवा विटांची, समोर १६ इंच आणि दोन्ही अंगांस ८ इंच तरी असावी, कारण लाकूड फुटून ठिणग्या उडतात.

दर्शनी भागाला दगड, फरशी किंवा चुन्याचा गिलावा, जें आवडेल तें लावावें. मात्र नदींतले गोटे आणून थेट आगीशेजारीं बसवूं नयेत. आंत पाणी मुरलेलें असल्यास ते फुटतात. आमच्या स्नेह्यांच्या पत्नीला सागवानी फळी हवी होती, तीही अगदीं तोंडाच्या वरच. तोंडापासून ६ इंचांच्या आंत लाकूड मुळींच नको, आणि आठ इंच पुढें येणारी फळी तर १२ इंचांहून वरच पाहिजे, हें त्यांस पटवितां पटवितां सायंकाळ झाली. फळी वर गेली, पण त्या अजून म्हणतात कीं ती खालीं अधिक शोभली असती.

काम संपल्यावर महिनाभर आग पेटवूं नये. मग प्रथम मूठभर काड्यांची, दुसऱ्या दिवशीं थोडी अधिक, असें करीत वाढवीत जावें. ओल्या मालांत वाफ झाली कीं भेगा पडल्याच. लाकूड चांगलें वाळलेलें घ्यावें. ओल्या लाकडाच्या धुराचें डांबरासारखें किटण नळींत सांचतें आणि एखाद्या दिवशीं नळीच पेट घेते, यासाठीं दरवर्षीं धुराडें झाडवावें. हें काम इंग्लंडांत एके काळीं लहान मुलांस नळींत चढवून करून घेत. ती दुष्ट चाल १८७५ च्या कायद्यानंतर बंद पडली.

निखारे पूर्ण विझल्याखेरीज धुराड्याची झडप लावूं नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेला मनुष्य त्यानें जागा न होतांच मरतो. आपल्याकडे थंडींत दारें लावून कोळशाची शेगडी उशाशीं ठेवतात, तिलाही हेंच लागू आहे. या वायूची सूचना देणारें यंत्र आतां बाजारांत मिळतें. आमच्या स्नेह्यांनीं तें मुलांच्या खोलींत बसविलें आहे.

राख ते झांकणाच्या लोखंडी बादलींत भरून अंगणांत ठेवतात. आम्ही तेथें असतां दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्यांच्या धाकट्या मुलानें काठीनें ती राख उकरली, तर तळाशीं सुपारीएवढा निखारा अद्याप लाल होता.